मोठा प्रोग्राम उघडायला वेळ खातोय? आधी लोडरकडे बघा

लिनक्सवर सी प्लस प्लसमधला अवाढव्य प्रोग्राम, शंभरेक शेअर्ड लायब्ररी (प्रोग्राम चालताना जोडल्या जाणाऱ्या कोडच्या फाइली), आणि क्लिक केल्यावर विंडो यायला चांगले चार-पाच सेकंद. लोक लगेच मेन फंक्शन उसवायला बसतात, पण बऱ्याचदा मेन सुरू व्हायच्या आधीच निम्मा वेळ डायनॅमिक लोडरने, म्हणजे प्रोग्रामला या लायब्ररी जोडून देणाऱ्या भागाने, खाल्लेला असतो. लायब्ररी शोधायच्या, मेमरीत मॅप करायच्या, रिलोकेशन म्हणजे कोणाचा पत्ता कुठे ते भरायचं, मग सगळे ग्लोबल कन्स्ट्रक्टर (मेनच्या आधी ग्लोबल व्हेरिएबल तयार करणारा कोड) चालवायचे, हे सगळं त्याच्याच गळ्यात.

म्हणून आधी मोजा. प्रोग्रामच्या आधी एलडी_डीबग=स्टॅटिस्टिक्स लावून चालवा (इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर अर्थात इंग्रजी अक्षरं). लोडरचा एकूण वेळ प्रोसेसरच्या सायकल्समध्ये येतो, त्यातले किती टक्के रिलोकेशनला नि किती टक्के लायब्ररी लोड करायला गेले तेही. पुढचं सगळं या दोन टक्क्यांवर ठरतं. आणि हो, पहिला रन नि दुसरा रन यांची तुलना करू नका, दुसऱ्या वेळी फाइली कॅशमध्ये असतात.

लोडिंग जड असेल तर एसट्रेस (प्रोग्रामने कर्नलकडे केलेले कॉल दाखवणारं टूल) लावून फक्त ओपनअ‍ॅट (फाइल उघडायचे) कॉल बघा. 'एनोएंट' (फाइल सापडली नाही) अशा ओळींचा पाऊस पडला, तर समजा की लोडर एकेक लायब्ररी डिरेक्टऱ्या पालथ्या घालून शोधतोय. रनपाथमध्ये (लायब्ररी कुठे शोधायच्या त्याची बायनरीतली यादी) तीस डिरेक्टऱ्या नि शंभर लायब्ररी म्हटल्यावर हजारो फुकटचे ओपन होऊ शकतात, आणि हे सगळं नेटवर्क डिस्कवर असेल तर बोलायलाच नको. निक्स, गिक्स, स्पॅक हे पॅकेज मॅनेजर वापरणाऱ्यांना हे ओळखीचं, कारण तिथे प्रत्येक पॅकेजची वेगळी डिरेक्टरी. उपाय सोपा: सगळ्या लायब्ररी एका डिरेक्टरीत आणा, किंवा पॅचएल्फने (तयार बायनरी बदलणारं टूल) बायनरीतच लायब्ररींचे पूर्ण पाथ लिहून टाका. नको असलेल्या लायब्ररी एलडीडी या कमांडच्या (ती लायब्ररींची यादी देते) मायनस यू ऑप्शनने दिसतात. त्या गाळायला लिंकरला अ‍ॅझ-नीडेड द्या, पण लायब्ररींच्या नावांच्या आधी, नाहीतर काही होत नाही. जी लायब्ररी फक्त कन्स्ट्रक्टरमधून स्वतःची नोंद करते तीही यात उडते, तेवढं सांभाळा.

रिलोकेशन जड असेल तर खरी मजा. प्रत्येक सिम्बॉलसाठी, म्हणजे फंक्शन किंवा व्हेरिएबलच्या नावासाठी, लोडर लायब्ररी क्रमाने धुंडाळतो, त्यात सी प्लस प्लसची लांबलचक नावं, सुरुवात एकसारखीच, त्यामुळे तुलना शेवटापर्यंत चालते. २००६ साली आलेल्या ग्नू हॅशने (सिम्बॉल पटकन शोधायचा तक्ता) यात बराच फरक पडला, जुन्या मेकफाइलमध्ये त्याआधीचा सिसव्ही हॅश सक्तीने लावलेला नाही ना ते रीडएल्फ टूलने तपासा. पण मुख्य औषध म्हणजे सिम्बॉल कमी एक्सपोर्ट करणं: जीसीसी कंपायलरला व्हिजिबिलिटी हिडन द्या आणि फक्त बाहेर लागणाऱ्या फंक्शन नि क्लासना डिफॉल्ट मार्क करा. एका लायब्ररीतून फेकलेलं एक्सेप्शन दुसरीत पकडत असाल तर तो क्लासही उघडा ठेवा, नाहीतर कॅच न लागण्याचा धोका राहतो आणि दिवस वाया जाऊ शकतो. लायब्ररी एकत्र करणं हाही मार्ग आहे, लिबरऑफिसमध्ये मर्जलिब्स नावाचा बिल्ड ऑप्शन याचसाठी आहे.

जुन्या गाइडमध्ये प्रीलिंक (रिलोकेशन आधीच करून ठेवायची युक्ती) दिसेल, ते सोडून द्या, ग्लिबसीनेच (हा लोडर ज्यात येतो ती सी लायब्ररी) त्याचा सपोर्ट काढलाय. लेझी बाइंडिंगवरही (फंक्शनचा पत्ता पहिल्या कॉलच्या वेळीच शोधणं) फार भिस्त नको: बऱ्याच डिस्ट्रो सुरक्षेसाठी ते बंद ठेवतात, आणि व्हीटेबलची (व्हर्च्युअल फंक्शनच्या पत्त्यांचा तक्ता) रिलोकेशन तशीही लेझी होत नाहीत. ग्लिबसी २.३६ (२०२२) पासून पॅक-रिलेटिव्ह-रिलॉक्स हा रिलोकेशन दाबून साठवणारा लिंकरचा ऑप्शन चालतो, फाइल बारीक होते, पण तो बायनरी त्याआधीच्या ग्लिबसीवर सुरूच होणार नाही.

एवढं करूनही वेळ जातच असेल तर कन्स्ट्रक्टर धरा. एलडी_डीबग=लिब्स लावलं की प्रत्येक लायब्ररीला 'कॉलिंग इनिट' अशी ओळ येते, कुठल्या ओळीवर अडकतंय ते डोळ्यांना दिसतं. तिथे सहसा एखादा भलामोठा ग्लोबल मॅप भरला जात असतो. तो फंक्शनच्या आत स्टॅटिक करा म्हणजे लागेल तेव्हाच भरेल, आणि क्वचित लागणारे प्लगइन डीएलओपन फंक्शनने गरज पडल्यावर उघडा.