नेटवर आकडा कोणी टाकलाय?

परभणीला मामाकडे गेलो की आधी चहा येतो, मग कॉम्प्युटर. यंदा मामीची तक्रार होती, "काहीच लावलेलं नसतंय रे, तरी सकाळी दहाच्या आत दीड जीबी संपायलंय." डेस्कटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, पॅक रोजचा दीड जीबीचा. दुकानदारानं लांबूनच व्हायरस ठरवला होता आणि फॉरमॅट मारा म्हणून सांगितलं होतं. मी म्हटलं, मामी, थांबा. लाइटबिल फुगलं म्हणून कोणी वायरिंग उपटत नाही. सगळी बटणं बंद करून मीटर फिरतंय का ते बघतो. फिरत असेल, तर कुठंतरी आकडा आहे.

कॉम्प्युटरचंही तसंच करायचं. ब्राउझरसकट सगळं बंद करा आणि दहा मिनिटं गप्प बसा. चालू झाल्या झाल्या विंडोज स्वतःची चार कामं उरकत असतं, तेव्हाचा आकडा धरू नका. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. 'नेटवर्क' या रकान्याच्या डोक्यावर क्लिक केलं की जास्त नेट खाणारा प्रोग्राम वर येतो. इथं एक घोळ होतो. हा रकाना दर सेकंदाच्या मेगाबिटमध्ये असतो आणि आपला पॅक जीबीमध्ये, म्हणजे बाइटमध्ये. आठ मेगाबिट म्हणजे एक मेगाबाइट. तिथं सतत ८ दिसत असेल, तर दीड जीबी साधारण पंचवीस मिनिटांत साफ. आकडा क्षणभर उसळून खाली बसत असेल, तर सोडून द्या.

आता खरी मेख. नेट येतंय की जातंय? हे टास्क मॅनेजरच्या त्या रकान्यात कळत नाही. खालच्या सर्चमध्ये 'रिसोर्स मॉनिटर' शोधा आणि त्यातला नेटवर्क टॅब उघडा. तिथं प्रत्येक प्रोग्रामपुढं 'सेंड' आणि 'रिसीव्ह' वेगवेगळे दिसतात. रिसीव्ह जास्त असेल, तर बहुतेक वेळा अपडेट उतरत असतं. हात न लावता सेंड धो धो वाहत असेल, तर मात्र खुर्ची पुढं ओढून बसायचं.

मामीकडे सेंडच वाहत होतं. नाव बघितलं, तर टॉरेंट, म्हणजे लोकांकडून फाइली घेणारा आणि लोकांना वाटणारा प्रोग्राम. मामाच्या पोरानं आठवड्यापूर्वी सिनेमा उतरवला, फुलीवर क्लिक केलं आणि विसरला. "दादा, मी तर बंद केलं होतं!" खिडकी बंद झाली होती, प्रोग्राम नव्हता. घड्याळाशेजारच्या बारक्या बाणाखाली तो बसलेला, रोज कॉम्प्युटरबरोबर उठायचा आणि तोच सिनेमा जगाला वाटत राहायचा. तो काढून टाकला. टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप' टॅबमध्ये आणखी दोन आगंतुक होते, तेही डिसेबल केले.

टॉरेंट नसेल, तर फोटो वर चढवणारं वनड्राइव्ह किंवा गुगल ड्राइव्ह बघा. तेही नसेल, तर विंडोज अपडेटच्या अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' आहे. ते चालू असेल, तर सेटिंगप्रमाणे तुमच्याकडं उतरलेलं अपडेट दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरला पुरवलं जातं, तुमच्या पॅकमधून. बंद करा. आणि हॉटस्पॉट वापरत असाल, तर त्या वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' चालू करायला विसरू नका. बहुतेक अपडेट मग आपोआप उतरत नाहीत. माझ्या मते आपल्याकडची निम्मी तक्रार या एका बटणानं मिटते.

यादीत 'एसव्हीसीहोस्ट' (svchost.exe) नावाचे दहा-वीस जण दिसले, तर घाबरू नका. विंडोजच्या सेवा त्याच नावाखाली चालतात. फक्त टास्क मॅनेजरमध्ये राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' बघा. फाइल विंडोजच्या सिस्टम ३२ फोल्डरमध्ये असेल, तर घरचा माणूस. टेम्प किंवा अ‍ॅपडेटा फोल्डरमध्ये याच नावाचा कोणी सापडला, तर तो तोतया. रिसोर्स मॉनिटरमधल्या पत्त्यांच्या रकान्यात १२७.०.०.१ म्हणजे कॉम्प्युटर स्वतःशीच बोलतोय आणि १९२.१६८ नं सुरू होणारा पत्ता घरातल्याच यंत्राचा.

तोतया सापडला, किंवा अँटिव्हायरस आपोआप बंद पडलेला दिसला, तर पहिल्यांदा नेट तोडा. त्या कॉम्प्युटरवरून बँक उघडायची नाही, पासवर्डही तिथून बदलायचे नाहीत. ते दुसऱ्या फोनवरून बदला. मग 'विंडोज सिक्युरिटी'च्या स्कॅन ऑप्शन्समधून डिफेंडरचा, म्हणजे विंडोजच्याच अँटिव्हायरसचा, ऑफलाइन स्कॅन लावा. कॉम्प्युटर रिस्टार्ट होऊन विंडोज उठण्याआधीच तपासणी होते. साधारण पंधरा मिनिटं लागतात, म्हणून लोडशेडिंगची वेळ बघून लावा. सायबर सुरक्षा बघणाऱ्या केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेचं 'सायबर स्वच्छता केंद्र' आहे, त्यांच्या साइटवर सफाईची साधनं फुकट मिळतात. खात्यातून पैसे गेले असतील, तर स्कॅनबिन राहू द्या, आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.

घरी राउटर असेल आणि कॉम्प्युटर बंद करूनही डेटा पळत असेल, तर ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या राउटरच्या सेटिंगच्या पानावर जोडलेल्या यंत्रांची यादी बघा. टीव्ही, कॅमेरा, पोरांचे फोन मोजून झाल्यावर एखादं नाव उरलं, तर आकडा शेजारून आहे. वाय-फायचा पासवर्ड बदला आणि डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटणानं किंवा पिननं जोडायची सोय, बंद करा.

फॉरमॅट मारायची वेळ आलीच, तर जुन्याच पेनड्राइव्हवरचं क्रॅक केलेलं विंडोज परत टाकू नका. विंडोज १० चे मोफत अपडेटही १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, हे त्या दुकानदारालाही सांगून आलो.