५०२ दिसला की आधी नाव तपासा

डॉकरच्या कंटेनरमध्ये (प्रोग्रॅम वेगळा ठेवून चालवणारी पेटी) एन्जिनएक्स हा प्रॉक्सी, म्हणजे आलेली विनंती मागच्या सेवेकडे धाडणारा सर्व्हर, चालतोय आणि विनंती तिथपर्यंत पोचत नाही म्हणून ५०२ ही एरर येत असेल, तर कॉन्फिगला हात लावण्याआधी मी प्रॉक्सीच्या कंटेनरमध्ये शिरतो आणि ‘गेटएंट होस्ट्स’ या नावावरून पत्ता शोधणाऱ्या कमांडपुढे सेवेचं नाव देतो. होस्ट मशीनवरून तपासू नका. तिथलं उत्तर इथे कामाचं नाही.

पत्ता आलाच नाही? मग दोन्ही कंटेनर एकाच नेटवर्कवर आहेत का, ते ‘डॉकर नेटवर्क इन्स्पेक्ट’ने बघा. डॉकरच्या मूळच्या ब्रिज नेटवर्कवर नावाने शोध लागत नाही, आपण बनवलेल्या नेटवर्कवर लागतो. दोन वेगळे कंपोज प्रोजेक्ट (एकेका फाइलीतून एकत्र चालवलेले कंटेनरांचे गट) असतील, तर एक सामायिक नेटवर्क बनवून दोन्ही फाइलींत ‘एक्स्टर्नल’ (बाहेर आधीच बनवलेलं) म्हणून लिहा.

पत्ता बरोबर येतोय, तरीही ५०२? इथे माझी अख्खी रात्र गेली होती. मागचा कंटेनर नव्याने उभा राहिला, त्याला नवा आयपी मिळाला, आणि एन्जिनएक्स जुन्याच पत्त्यावर धडका देत राहिला. ‘प्रॉक्सी पास’मध्ये, म्हणजे विनंती कुठे धाडायची ते सांगणाऱ्या कॉन्फिगच्या ओळीत, नाव थेट लिहिलं, की त्याचा पत्ता एन्जिनएक्स सुरू होतानाच शोधून ठेवतो. रीलोड केलं की तेवढ्यापुरतं भागतं. कायमचं हवं असेल तर ‘रिझॉल्व्हर’ला (नावाचा पत्ता कुणाला विचारायचा ते सांगणारी ओळ) डॉकरच्या डीएनएसचा, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेचा, पत्ता १२७.०.०.११ द्या, ‘व्हॅलिड’ (मिळालेला पत्ता किती वेळ धरून ठेवायचा ते) १० सेकंद ठेवा, आणि सेवेचं नाव व्हेरिएबलमध्ये घालून तोच ‘प्रॉक्सी पास’मध्ये वापरा. नुसता रिझॉल्व्हर लिहून भागत नाही, व्हेरिएबल हवाच.

आणि हो, पोर्ट कंटेनरच्या आतला लिहायचा, होस्टवर उघडलेला नव्हे.