लिनक्स लॅपटॉप सुरू व्हायला वेळ का लागतो आणि तो कसा कमी करावा

लॅपटॉपचे बटण दाबल्यापासून लॉगिनची चौकट दिसेपर्यंत दीड-दोन मिनिटे जात असतील, तर तेवढा वेळ संगणक काहीतरी काम करत असणार, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा तो नुसता वाट पाहत थांबलेला असतो: केव्हाच काढून टाकलेल्या पार्टिशनची, घरी नसलेल्या ऑफिसच्या सर्व्हरची किंवा अजून न जोडल्या गेलेल्या वायफायची. त्यामुळे ‘या सेवा बंद करा, लॅपटॉप पळू लागेल’ छापाची यादी डोळे मिटून राबवण्यापेक्षा आपला लॅपटॉप नेमका कुठे आणि कशासाठी थांबतो हे आधी मोजून पाहावे. तेवढे कळले, की दुरुस्ती बहुधा एका ओळीची असते.

पुढे दिलेल्या कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, वेगळे सांगितले नसेल तेथे लहान अक्षरांत, आणि जोडरेघा व टिंबे जशीच्या तशी ठेवून टंकाव्यात.

आधी मोजमाप

उबुंटू, डेबियन, फेडोरा, मिंट यांपैकी कोणतेही अलीकडचे लिनक्स असले, तरी सुरुवातीची सगळी व्यवस्था सिस्टमडी पाहते. २०१० मध्ये आलेली ही प्रणाली फेडोराने २०११ मध्ये, तर डेबियन व उबुंटूने २०१५ मध्ये मूळ व्यवस्था म्हणून स्वीकारली. कोणत्या टप्प्याला किती वेळ लागला याची नोंद ती स्वतःच ठेवते, त्यामुळे वेगळे काही बसवावे लागत नाही. लॅपटॉप नेहमीसारखा सुरू करून दोनेक मिनिटे थांबावे आणि टर्मिनलमध्ये पुढील कमांड द्यावी (ॲनलाइझच्या स्पेलिंगमध्ये एस नव्हे, झेड आहे).

सिस्टमडी-ॲनलाइझ

उत्तर एका ओळीत येते. समजा, त्यात फर्मवेअर ७.१ सेकंद, लोडर ५.४ सेकंद, कर्नल ४.२ सेकंद, यूजरस्पेस १ मिनिट ३८.६ सेकंद आणि एकूण १ मिनिट ५५.३ सेकंद असे आकडे आले. फर्मवेअर म्हणजे लॅपटॉपच्या मदरबोर्डवरची सुरुवातीची प्रणाली, लोडर म्हणजे लिनक्स उचलून सुरू करणारा प्रोग्राम (बहुधा ग्रब), कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा आणि यूजरस्पेस म्हणजे त्यानंतर सुरू होणाऱ्या सगळ्या सेवा. यावरून फर्मवेअर आणि कर्नल ठीक आहेत, लोडरचे पाच सेकंद मेनू दाखवण्यात गेले आणि खरा घोटाळा यूजरस्पेसमध्ये आहे, एवढे लगेच कळते. फर्मवेअर व लोडर यांचे आकडे लॅपटॉप यूईएफआय पद्धतीने सुरू होत असेल तरच दिसतात. जुन्या बायोस पद्धतीत ते दिसत नाहीत. फेडोरावर इनिटआरडीचा (मुख्य डिस्क जोडली जाण्यापूर्वीच्या तात्पुरत्या फाइल-प्रणालीचा) आकडा वेगळा येतो, तर डेबियन-उबुंटूवर तो सहसा कर्नलच्या आकड्यातच मिसळलेला असतो. हा फरक पुढे उपयोगी पडणार आहे.

दुसरी कमांड म्हणजे ‘सिस्टमडी-ॲनलाइझ ब्लेम’. कोणत्या सेवेला किती वेळ लागला याची उतरत्या क्रमाने यादी ती देते, आणि इथेच बहुतेकांची दिशाभूल होते. या सेवा एकामागून एक नव्हे, तर एकाच वेळी सुरू होत असतात. पंगतीला बसलेल्या प्रत्येकाच्या जेवणाच्या वेळांची बेरीज करून पंगत किती वेळ चालली हे कळत नाही. शेवटचा माणूस हात धुवायला उठेपर्यंत ती चालते. यादीत वरच्या क्रमांकावर दिसणारी सेवा मागच्या बाजूला निवांत चालली असेल आणि लॉगिनच्या चौकटीला तिने क्षणभरही अडवले नसेल, हे सहज शक्य आहे. प्लायमाउथ-क्विट-वेट हे त्याचे नेहमीचे उदाहरण: सुरुवातीचे चित्र पडद्यावरून हटण्याची वाट पाहणे एवढेच तिचे काम, त्यामुळे बाकीच्यांचा उशीर तिच्या नावावर चढतो. तिला बंद करून काहीही हाती लागत नाही.

खरे उत्तर तिसऱ्या कमांडमध्ये असते.

सिस्टमडी-ॲनलाइझ क्रिटिकल-चेन

कोण कोणासाठी थांबले याची साखळी ती दाखवते. ‘ॲट’च्या चिन्हापुढचा आकडा म्हणजे ते युनिट (सेवा, पार्टिशन जोडणे यांसारखे सिस्टमडीचे एक काम) कितव्या सेकंदाला तयार झाले आणि अधिकच्या चिन्हापुढचा आकडा म्हणजे त्याला स्वतःला किती वेळ लागला. नुसती कमांड दिली तर ग्राफिकल टार्गेटची (डेस्कटॉपसाठीचे सगळे काही तयार होण्याच्या टप्प्याची) साखळी मिळते, आणि त्यात लॉगिनशी संबंध नसलेल्या सेवाही येतात. आपल्याला चौकट केव्हा दिसते याच्याशी मतलब असल्याने कमांडच्या शेवटी ती चौकट दाखवणाऱ्या डिस्प्ले मॅनेजरचे नाव, म्हणजे नोम या डेस्कटॉपवर ‘जीडीएम.सर्व्हिस’ आणि मिंटवर ‘लाइटडीएम.सर्व्हिस’, जोडणे चांगले.

या साखळीची एक खोच लक्षात ठेवावी. मुदत संपून अपयशी ठरलेले युनिट तीत दिसेलच असे नाही, म्हणजे मुख्य आरोपीच गैरहजर असू शकतो. त्यासाठी ‘जर्नलसीटीएल -बी’ या कमांडने आजच्या बूटची नोंदवही उघडावी, तिरकी रेघ दाबून ‘टाइम्ड आउट’ हे शब्द शोधावेत आणि सापडलेल्या ओळीतले नाव टिपून ठेवावे.

वाट पाहणे थांबवणे

पडद्यावर ‘अ स्टार्ट जॉब इज रनिंग’ अशी ओळ आणि शेजारी १ मिनिट ३० सेकंदांची मर्यादा दिसत असेल, तर निदान जवळजवळ झालेच. ९० सेकंद ही सिस्टमडीची मूळ मुदत आहे, आणि ती पूर्ण भरते तेव्हा बहुधा एफएसटॅब या फाइलमध्ये अस्तित्वात नसलेल्या कशाचा तरी उल्लेख उरलेला असतो. ईटीसी या फोल्डरमधल्या या फाइलमध्ये कोणते पार्टिशन कुठे जोडायचे हे लिहिलेले असते. पार्टिशनची फेरमांडणी करताना किंवा दुसरे लिनक्स बसवताना स्वॅप पार्टिशन (रॅम अपुरी पडल्यास वापरली जाणारी डिस्कवरची जागा) नव्याने तयार झाले, की त्याचा यूयूआयडी, म्हणजे ओळखक्रमांक, बदलतो. एफएसटॅबमध्ये मात्र जुनाच राहतो. ‘सुडो बीएलकेआयडी’ ही कमांड देऊन आलेले यूयूआयडी एफएसटॅबमधल्या ओळींशी ताडून पाहावेत. जी ओळ जुळत नाही ती दुरुस्त करावी किंवा तिच्या आरंभी हॅशचे चिन्ह घालून ती निष्क्रिय करावी. फाइलला हात लावण्याआधी तिची प्रत करून ठेवणे अत्यावश्यक आहे, कारण इथली चूक लॅपटॉपला थेट इमर्जन्सी मोडमध्ये नेऊ शकते. बदल केल्यावर ‘सुडो फाइंडएमएनटी --व्हेरिफाय’ ही कमांड फाइलची तपासणी करून देते; ती निर्धोक ठरल्यावरच लॅपटॉप रीस्टार्ट करावा.

मुंबईत याचीच दुसरी आवृत्ती वारंवार पाहायला मिळते. लोअर परळच्या कार्यालयात काम करणाऱ्या एका लेखापाल स्नेह्यांचा लॅपटॉप ऑफिसात चटकन सुरू होई आणि डोंबिवलीला घरी मात्र तोच लॅपटॉप दीड मिनिट अडून बसे. ऑफिसच्या सर्व्हरवरचे सामायिक फोल्डर एफएसटॅबमध्ये नोंदलेले होते आणि घरी तो सर्व्हर सापडणे शक्यच नव्हते. लॉगिनची परवानगी देणारी सेवा दूरच्या फाइल-प्रणाली जोडल्या जाईपर्यंत थांबते, अशी सिस्टमडीची रचना आहे. म्हणून एका फोल्डरपायी सगळेच अडते. उपाय असा, की त्या ओळीतल्या पर्यायांच्या रकान्यात स्वल्पविरामाने जोडून ‘नोफेल’, ‘नोऑटो’ आणि ‘एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट’ हे तीन शब्द घालावेत. मग फोल्डर बूटच्या वेळी जोडले जात नाही. ज्या क्षणी ते उघडले जाते, त्या क्षणी जोडले जाते. बाहेरच्या हार्ड डिस्कसाठीही निदान नोफेल असावेच.

स्वॅपचा जुना यूयूआयडी डेबियन-उबुंटूमध्ये आणखी एका ठिकाणी लपलेला असतो. कर्नलचा आकडा पाच सेकंदांऐवजी पस्तीसच्या घरात असेल, तर हायबरनेशनमधून (रॅममधले सगळे डिस्कवर उतरवून बंद होण्याच्या पद्धतीतून) उठण्यासाठी ठरवलेले पार्टिशन शोधण्यात सुमारे तीस सेकंद जात आहेत असे समजावे. ईटीसीमधल्या इनिटरॅमएफएस-टूल्स, त्यातल्या कॉन्फ.डी या फोल्डरमध्ये रिझ्यूम नावाची फाइल असेल, तर तिच्यातला यूयूआयडी तपासावा. हायबरनेशन वापरत नसाल, तर त्या जागी ‘रिझ्यूम=नन’ (डावीकडचा शब्द मोठ्या अक्षरांत, उजवीकडचा लहान) असे लिहून ‘सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’ ही कमांड द्यावी.

नेटवर्कची वाट पाहणारी सेवा म्हणजे नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन. जोडणी पूर्ण झाल्याशिवाय ती पुढच्यांना सोडत नाही. घर, ऑफिस आणि कॉलेज अशा तीन ठिकाणी तीन वायफाय असलेल्या लॅपटॉपवर ही अट निरर्थक आहे. दूरचे फोल्डर वर सांगितल्याप्रमाणे ऑटोमाउंटवर टाकलेले असेल, तर ती निर्धास्तपणे बंद करावी.

सुडो सिस्टमसीटीएल डिसेबल नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन.सर्व्हिस

यात नेटवर्क आणि मॅनेजर या दोन्ही शब्दांची पहिली अक्षरे मोठी आहेत. वायफाय यामुळे बंद पडत नाही. त्यासाठी थांबणे तेवढे बंद होते. मात्र ब्लेमच्या यादीत ही सेवा वर असूनही लॉगिनच्या साखळीत नसेल, तर ती बंद केल्यावर आकडा घटेल आणि डोळ्यांना फरक दिसणार नाही, हेही सांगितले पाहिजे.

ग्रब आणि फर्मवेअर

एकच ऑपरेटिंग सिस्टिम असेल, तर ग्रबच्या मेनूपुढे पाच-दहा सेकंद थांबण्याचे कारण नाही. ईटीसीमधल्या डिफॉल्ट फोल्डरातील ग्रब या फाइलमध्ये ‘ग्रब_टाइमआउट’ ही ओळ (या फाइलमधली ‘ग्रब_’ने सुरू होणारी नावे मोठ्या अक्षरांत असतात) शोधून आकडा १ करावा आणि डेबियन-उबुंटूवर ‘सुडो अपडेट-ग्रब’ ही कमांड द्यावी. आकडा ० करू नये, असे माझे मत आहे: नवा कर्नल बिघडला तर जुना निवडण्यासाठी हाच मेनू लागतो. उबुंटूमध्ये आधीचे बूट अर्धवट राहिले असेल, उदाहरणार्थ बॅटरी संपून लॅपटॉप मध्येच बंद झाला असेल, तर पुढच्या वेळी मेनू ३० सेकंद थांबतो. ही मुदत ‘ग्रब_रेकॉर्डफेल_टाइमआउट’ या नावाने त्याच फाइलमध्ये कमी करता येते.

फर्मवेअरचा आकडा मोठा असेल, तर लिनक्समध्ये काही करण्यासारखे नाही. सेटअपमध्ये जाऊन नेटवर्क बूट बंद करावे आणि बूटच्या क्रमात लिनक्सची डिस्क पहिली ठेवावी.

ज्या सेवा खरोखर काम करतात

येथे हात आखडता ठेवावा. डॉकर, मारियाडीबी, पोस्टग्रेस यांसारख्या गोष्टी विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपवर एखाद्या प्रकल्पासाठी येतात आणि नंतर रोज सकाळी विनाकारण सुरू होत राहतात. डॉकरच्या बाबतीत ‘डॉकर.सर्व्हिस’ डिसेबल करून ‘डॉकर.सॉकेट’ तसेच चालू ठेवले, की डॉकरची पहिली कमांड देताच सेवा आपोआप जागी होते. मात्र बूटबरोबर आपोआप सुरू होणारे कंटेनर तोवर बंद राहतील. डेटाबेस लागेल तेव्हा ‘सिस्टमसीटीएल स्टार्ट’ने सुरू करावा. सिमकार्ड किंवा डोंगल वापरत नसाल तर मोडेममॅनेजरही (दोन्ही शब्दांची पहिली अक्षरे मोठी) बंद करता येतो. डीबस, यूडेव्ह, लॉगिनडी, पोलकिट यांना स्पर्श करू नये. सेवेला पूर्ण कुलूप घालणारी मास्क ही कमांडही टाळावी: डिसेबल केलेली सेवा इतर कोणी मागितल्यास सुरू होऊ शकते, मास्क केलेली होत नाही, आणि सहा महिन्यांनी काहीतरी का चालत नाही हे शोधताना आपणच ती मास्क केली होती हे आठवत नाही.

लॉगिननंतर डेस्कटॉप रेंगाळत असेल तर तो वेगळा विषय आहे. तिथे स्टार्टअप ॲप्लिकेशन्सच्या यादीतून चॅट, क्लाउड सिंक वगैरे मंडळींना रजा द्यावी.

डिस्क

हे सगळे करूनही साखळीतली प्रत्येकच सेवा थोडीथोडी सुस्त दिसत असेल, तर कारण डिस्क आहे. ‘एलएसबीएलके -डी -ओ नेम,रोटा’ या कमांडमध्ये (शेवटचे दोन शब्द मोठ्या अक्षरांत) रोटाखाली १ दिसला तर डिस्क फिरणारी, ० दिसला तर एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली. लॅपटॉपमधली ५४०० फेऱ्यांची डिस्क हवी ती जागा वाचकशीर्षाखाली येण्यासाठी सरासरी साडेपाच मिलिसेकंद घेते, शीर्ष हलवण्याचा वेळ निराळाच, आणि बूटच्या वेळी शेकडो लहान फाइली इकडून तिकडून वाचायच्या असतात. त्यावर कोणत्याही सेटिंगचा उतारा नाही. एसएसडी हाच उपाय.

ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर गेल्यास एसएसडीच्या दुकानांना तोटा नाही, पण काय मागायचे हे घरूनच ठरवून जावे. जुन्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची साटा डिस्क लागते आणि तिची जाडी बहुधा ७ मिलिमीटर असते. एम.२ची, म्हणजे पट्टीच्या आकाराच्या एसएसडीची, खाच असेल तर ती साटा स्वीकारते की एनव्हीएमई, हे मॉडेलच्या माहितीपत्रकात पाहावे. दोन्ही पट्ट्या दिसायला सारख्याच असल्या तरी एकीच्या जागी दुसरी चालेलच असे नाही. दुकानात लॅपटॉप उघडून देण्याआधी आपल्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतलेली असावी. जुनी डिस्क क्लोनझिलाने जशीच्या तशी नव्या डिस्कवर उतरवता येते. तेव्हा यूयूआयडीही तेच राहतात, म्हणून दोन्ही डिस्क एकदम जोडून लॅपटॉप सुरू करू नये.

बंद न करता झोपवणे

रोज दादर ते ठाणे लोकलने ये-जा करणाऱ्याला दिवसातून चार वेळा बूट करायची मुळात गरज नसते. झाकण मिटून सस्पेंड करणे पुरते. ‘कॅट’ ही कमांड सिस या फोल्डरमधल्या पॉवर, त्यातल्या मेम_स्लीप या फाइलवर चालवावी. चौकोनी कंसात ‘डीप’ असेल तर झोपेत बॅटरी सहसा कमी खर्च होते; ‘एस२आयडल’ असेल आणि शेजारी डीपचा पर्यायही दिसत असेल, तर ग्रबच्या फाइलमधील ‘ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स_डिफॉल्ट’ या ओळीत ‘मेम_स्लीप_डिफॉल्ट=डीप’ जोडून आणि वरीलप्रमाणे अपडेट-ग्रब चालवून पाहावे. काही मॉडेल डीपमधून नीट उठत नाहीत, म्हणून ही चाचणी महत्त्वाचे काम उघडे नसताना घ्यावी. कर्नलचा अपडेट आल्यावर मात्र रीस्टार्ट करावेच लागते, आणि तेव्हा सिस्टमडी-ॲनलाइझ पुन्हा चालवून नवा आकडा जुन्याशेजारी लिहून ठेवावा.