नवा ऑक्सिजन सेन्सर बसवला, तरी चेक इंजिनचा दिवा का लागतो?

दिवा लागतो, स्कॅनर ऑक्सिजन सेन्सरचा (एक्झॉस्टमधल्या धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरचा) कोड दाखवतो, बाजारातून निम्म्या किमतीचा सेन्सर आणून बसवला जातो आणि आठवड्याभरात दिवा पुन्हा हजर. अशा वेळी तिसरा सेन्सर घेण्याआधी तासभर तपासणीला द्या. बिघाड कोणत्या सर्किटमध्ये आहे एवढंच कोड सांगतो. सेन्सरच खराब आहे, असं तो म्हणत नाही.

सुरुवात जुना आणि नवा कोड शेजारी लिहून करा. तोच कोड परत आला असेल, तर दोष बहुधा सेन्सरमध्ये नव्हताच. फ्यूज, वायरिंग, गळका एक्झॉस्ट बघा. कोड बदलला असेल, तर संशय नव्या पार्टवर किंवा तो बसवण्याच्या पद्धतीवर. चार सिलेंडरच्या सरळ रांगेतल्या इंजिनाला सहसा एकच बँक, म्हणजे सिलेंडरची एकच ओळ असते. त्यामुळे पी०१३० ते पी०१३५ हे कोड कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या डब्याच्या) आधीच्या सेन्सरचे, तर पी०१३६ ते पी०१४१ मागच्याचे. कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेमचा, म्हणजे कोड आला त्या क्षणी साठवलेल्या इंजिनाच्या आकड्यांचा, फोटो काढून ठेवा. कोड पुसला की तीही जाते.

आता पार्ट नंबर जुळवा. चुडीचं (आट्यांचं) माप सारखं, कपलर सारखा, म्हणून सेन्सर सारखा होत नाही. साधा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्ट देतो. वाइडबँड, म्हणजे एअर-फ्यूएल सेन्सर, वेगळ्याच तत्त्वावर चालतो. एकाच्या जागी दुसरा बसला, तर पी२१९५, पी२१९६ किंवा सर्किटचे कोड येतात आणि हवा-इंधनाचं मिश्रणही बिघडतं. इथे दुरुस्ती नाही, सेन्सर परत करायचा.

पी०१३५ किंवा पी०१४१ असेल, तर सेन्सरला तापवणारा त्याच्या आतला हीटर तपासा. इंजिन पूर्ण थंड असताना कपलर सोडवा आणि सेन्सरच्या बाजूने हीटरच्या दोन वायरींमधला रोध मल्टिमीटरवर मोजा. जुना सेन्सर फेकला नसेल, तर त्याचाही मोजा. जुन्यात १३ ओहम आणि नव्यात ६ भरले, तर १२ व्होल्टवर करंट जेमतेम ०.९ अँपिअरऐवजी २ अँपिअर होतो. नवा हीटर गरम होत असला, तरी इसीयूला (इंजिनाच्या कंट्रोल युनिटला) हा आकडा मान्य नसू शकतो. खरी मर्यादा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा. सिग्नलच्या वायरींना मात्र ओहम मोजायला मीटर लावू नका. त्याने सेन्सर खराब होऊ शकतो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो वायरी कापून जोडायच्या ‘युनिव्हर्सल’ सेन्सरमध्ये. बॉशच्या नेहमीच्या चार वायरींच्या सेन्सरमध्ये दोन पांढऱ्या हीटरच्या, काळी सिग्नलची, राखाडी सिग्नलच्या अर्थची. डेन्सोच्या बहुतेक सेन्सरमध्ये मात्र दोन काळ्या हीटरच्या, निळी सिग्नलची, पांढरी अर्थची. रंगाला रंग जोडत गेलात, तर हीटरचा पुरवठा थेट सिग्नलच्या वायरीवर येतो. म्हणून रंगावर नको, काम बघून जोडा. सांधा चांगल्या क्रिंपचा, म्हणजे दाबून बसवलेल्या जोडाचा हवा. बरेच सेन्सर वायरीच्या आतूनच संदर्भाची, म्हणजे तुलनेसाठी लागणारी बाहेरची, हवा घेतात. डाख दिला किंवा कपलरमध्ये ग्रीस भरलं, की ती वाट बुजते. माझ्या मते घरच्या वापरासाठी युनिव्हर्सल सेन्सर घेऊच नये. वाचलेले पैसे तपासणीतच जातात.

वायरी बरोबर असतील, तर स्कॅनरवर लाइव्ह डेटा, म्हणजे सेन्सरचे चालू आकडे बघा. इंजिन तापू द्या, आरपीएम २५०० च्या आसपास धरा. पुढचा साधा सेन्सर ०.४५ व्होल्टच्या वर-खाली सतत झुलायला हवा. मागचा बराचसा स्थिर, साधारण ०.६ ते ०.७ वर. स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर एका वेळी चार आकडे मागितले की मंदावतो आणि चांगला सेन्सरही सुस्त वाटतो, म्हणून पडद्यावर एकच आकडा ठेवा. झटक्यात अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर व्होल्टेज ०.८ च्या वर जावं, सोडल्यावर ०.२ च्या खाली यावं. हे रेंगाळत झालं, तर पी०१३३ (सेन्सर सुस्त असल्याचा कोड) खरा आहे. सतत कमीच राहिलं, तर आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट बघा: गळतीतून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर मिश्रण पातळ असल्याचं सांगतो. बाहेरून सीएनजी किट बसवलेलं असेल, तर हीच चाचणी पेट्रोलवर करा, शिवाय किटवाल्याने सेन्सरच्या वायरीला कुठे जोड दिलाय तेही शोधा.

तरी उलगडा झाला नाही, तर त्याच पार्ट नंबरचा, चांगला चालणारा मूळ सेन्सर तात्पुरता लावून पाहा. कोड गेला, तर दोष नव्या सेन्सरचा. राहिला, तर वायरिंगचा किंवा इसीयूचा. सेन्सर बसवताना चुडीवरच अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा, टोकाला नको. साधा सिलिकॉन सीलंट जवळपासही नको, त्याच्या वाफेने सेन्सर मरतो.

दुरुस्तीनंतर कोड पुसा, रात्रभर गाडी उभी ठेवा आणि सकाळी थंड इंजिनावर सुरू करून अर्धा तास चालवा. मग स्कॅनरवर ऑक्सिजन सेन्सर आणि हीटर, दोन्ही मॉनिटर (गाडीच्या स्वतःच्या तपासण्या) ‘पूर्ण’ दिसतात का ते बघा. ते अपूर्ण असताना दिवा विझलेला दिसला, तर गाडीने अजून तपासणीच केलेली नाही.