लॉक-अप थरथरलं म्हणून गिअरबॉक्स उतरवू नका

फोंड्याला गॅरेज आहे माझं. ऑटोमॅटिक गाडीचा एक तरी गिऱ्हाईक दर महिन्याला येतोच: "पात्रांव, गिअरबॉक्स गेला. ७०ला गाडी थरथरते." गेला हे आधीच ठरवून आलेला असतो.

अशा गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडतो तो टॉर्क कन्व्हर्टर. त्यात इंजिनाकडचा पंखा तेल फेकतो, त्या तेलाने गिअरबॉक्सकडचा पंखा फिरतो. मधे थोडी घसर राहतेच. वेग स्थिरावला की आतला क्लच दोन्ही बाजू जखडतो, घसर संपते, पेट्रोल वाचतं. हे लॉक-अप. त्या वेळी आरपीएमचा काटा जरा खाली येतो. तो बिघाड नव्हे.

थरथर मात्र बिघाडच. मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नसताना, ॲक्सिलरेटर तसाच धरून ब्रेकला हलका स्पर्श करायचा. ब्रेकच्या स्विचने लॉक-अप सुटतं. थरथर थांबली तर संशय लॉक-अपवर.

संशयच, निकाल नव्हे. हे मी पैसे घालवून शिकलो. पावसाळ्यात साखळी गावची एक सेडान आली होती. ब्रेकला पाय लावला की थरथर गायब! मी छाती फुगवून गिअरबॉक्सचं तेल बदललं, एकदा नव्हे, दोनदा. थरथर जिथल्या तिथे. शेवटी गाडीतले बिघाड वाचणारा स्कॅनर लावला तर तिसऱ्या सिलिंडरला मिसफायर, म्हणजे तिथे पेट्रोल नीट पेटत नव्हतं. स्पार्क प्लगच्या खड्ड्यात पाणी शिरून प्लगला वीज देणारी कॉइल मार खात होती. लॉक-अप लागलेलं असताना इंजिनाचा प्रत्येक गचका सरळ चाकांपर्यंत जातो, सुटलं की तेल तो गिळतं. म्हणून तीच परीक्षा मला फसवून गेली. दुसऱ्या वेळच्या तेलाचे पैसे मागायला तोंड नव्हतं. आता माझ्याकडे आधी स्कॅनर, मग प्लग-कॉइल, तेल शेवटी.

तेलाचंही सांगतो. "लाल ते लाल" म्हणून मिळेल ते ओतणाऱ्यांना मी हात जोडतो. मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच घाला. एकदा ड्रेन केल्याने सगळं तेल निघत नाही, बरंचसं कन्व्हर्टरमध्येच राहतं. थोडं चालवून पुन्हा बदला. ज्यांना संध्याकाळपर्यंतच गाडी हवी, त्यांनी दुसरं गॅरेज बघावं.

सकाळी थंड गाडीत लॉक-अप उशिरा लागतं, घाबरू नका.

चोर्ला घाट चढताना डीमध्ये (ड्राइव्हमध्ये) पाय दाबत बसू नका, एक गिअर खाली घ्या. लॉक-अप सुटलेलं असलं की घसरीने तेल तापतं.

ब्रेक मारून थांबताना इंजिन बंद पडत असेल तर लॉक-अप सुटत नसेल. तशी गाडी चालवत आणू नका, मला फोन करा.

आणि एएमटीवाल्यांनो (म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सचाच क्लच-गिअर यंत्राने चालतो ती गाडी), तुमच्या गाडीत टॉर्क कन्व्हर्टर नसतोच.