मुलांसाठी पुस्तक निवडताना: कानाचे वय आणि डोळ्यांचे वय

आमच्या सोसायटीतील बालवाचनालयात दर रविवारी सकाळी एक प्रश्न हमखास विचारला जातो : "आठ वर्षांच्या मुलासाठी काय आहे?" गेली काही वर्षे हे वाचनालय सांभाळत असल्यामुळे कपाट उघडण्यापूर्वी उलट दोन प्रश्न विचारण्याची मला सवय लागली आहे. घरी कोणती भाषा बोलता आणि मूल कोणत्या माध्यमाच्या शाळेत जाते? ही उत्तरे मिळाल्याशिवाय आठ हा आकडा फारसा उपयोगी पडत नाही. मराठी शाळेतील आठ वर्षांचे मूल तीसेक पानांची गोष्ट एका बैठकीत संपवू शकते; त्याच मजल्यावर राहणारे, तितकेच अस्खलित मराठी बोलणारे, परंतु इंग्रजी माध्यमात शिकणारे मूल 'स्वच्छ' या शब्दापाशीच थबकते. वाचून दाखवली, तर तीच गोष्ट दोघांनाही सारखीच कळते आणि दोघेही सारख्याच ठिकाणी हसतात.

म्हणून मुलाला वाचक म्हणून दोन वये असतात असे धरून चालावे. एक कानाचे, म्हणजे ऐकून किती समजते याचे. आणि दुसरे डोळ्यांचे, म्हणजे स्वतः वाचून किती समजते याचे. पुस्तकाच्या मलपृष्ठावर छापलेला '६ ते ९ वर्षे' असा शिक्का या दोन वयांत फरक करत नाही. बहुतेक मुलांच्या बाबतीत कानाचे वय डोळ्यांच्या वयापेक्षा दोन-तीन वर्षांनी पुढे असते, आणि इंग्रजी माध्यमातील किंवा परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांच्या बाबतीत हे अंतर याहून बरेच मोठे असू शकते.

ही दोन्ही वये दुकानात उभ्याउभ्या तपासता येतात. कानासाठी पुस्तकातील मधलेच एखादे पान आपण मोठ्याने वाचावे आणि थांबावे. मुलाने "मग?" असे विचारले, किंवा मान वळवून चित्र पाहिले, तर पुस्तक योग्य आहे. डोळ्यांसाठी मुलालाच अर्धे पान वाचायला सांगावे. मात्र येथे मराठीची एक फसवी सोय लक्षात ठेवणे आवश्यक आहे. देवनागरीत जसे लिहिले जाते जवळपास तसेच उच्चारले जात असल्यामुळे अक्षरओळख झालेले मूल न समजलेला मजकूरही घडाघडा वाचून दाखवते आणि पालक समाधानाने पुस्तक विकत घेतात. वाचून झाल्यावर "काय झालं रे?" एवढेच सहज विचारावे. मूल स्वतःच्या शब्दांत दोन वाक्ये सांगू शकले, तर ते वाचले असे म्हणता येईल. अन्यथा तो केवळ उच्चार होता.

अडखळण्याची ठिकाणेही पाहावीत. जोडाक्षर हा पहिला उंबरठा. 'पुस्तक' वाचता येणारे मूल 'उद्ध्वस्त'पाशी, रफारापाशी किंवा 'सुऱ्या', 'दऱ्या' यांतील अर्ध्या र पाशी थांबते. दुसरा उंबरठा मोठ्यांच्या सहसा लक्षात येत नाही : मराठीत शब्दाला प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये जोडून लिहिली जात असल्यामुळे 'शेजारी' ओळखणाऱ्या मुलासमोर 'शेजाऱ्यांकडूनसुद्धा' अशी आगगाडी उभी राहते. अर्ध्या पानात अशा तीन-चार आगगाड्या आल्या आणि मूल प्रत्येक ठिकाणी अडले, तर ते पुस्तक डोळ्यांसाठी आज घेऊ नये. कानासाठी अवश्य घ्यावे.

अगदी लहान, म्हणजे तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी डोळ्यांच्या वयाचा प्रश्नच नसतो. जाड पुठ्ठ्याची, गोल कोपऱ्यांची, पानावर एकच ठळक चित्र असलेली पुस्तके पुरतात, आणि ती चघळली जाणार हे गृहीत धरावे. या वयाचे खरे साहित्य 'अडगुलं मडगुलं' आणि 'ये रे ये रे पावसा' या गाण्यांच्या रूपाने घरात असतेच, त्यामुळे त्यासाठी मोठा खर्च करण्याचे कारण नाही. अक्षरओळखीची पुस्तके घेण्याची घाईही करू नये. 'ऐ ऐरणीचा' हे चित्र पाहून "हे काय?" असे विचारणाऱ्या मुलाला ऐरण समजावून सांगताना आपलीच तारांबळ उडते, कारण आपणही ती शेवटची कधी पाहिली हे आठवत नाही.

तीन ते सहा या वयात निवड सर्वाधिक काळजीपूर्वक करावी, कारण मराठीत या गटाची पुस्तके भरपूर दिसतात आणि त्यांतील पुष्कळशी टाकाऊ असतात. चांगल्या चित्रपुस्तकात चित्र मजकुराची पुनरुक्ती करत नाही, मजकूर जे सांगत नाही ते चित्र सांगते. ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेली माधुरी पुरंदरे यांची 'राधाचं घर' ही मालिका या दृष्टीने पाहावी. घरातील माणसे, त्यांच्या सवयी, पसारा, हे सारे त्यांनी स्वतःच चितारले आहे आणि भाषा घरात बोलली जाते तशीच ठेवली आहे. हा भाषेचा मुद्दा क्षुल्लक नाही. मूल घरी 'घरटं', 'गेलं', 'सांगितलं' ऐकते आणि पुस्तकात 'घरटे', 'गेले', 'सांगितले' येते. मोठ्यांना हा फरक जाणवतही नाही, परंतु पाच वर्षांच्या मुलाला 'गेले' म्हणजे पुष्कळजण गेले असे वाटते. या वयासाठी अनुस्वाराची, बोलीजवळची भाषा असलेले पुस्तक निवडावे. प्रमाण लेखी रूपे दोन-तीन वर्षांनी आपोआप अंगवळणी पडतात.

अनुवादित चित्रपुस्तके अनेक प्रकाशक काढतात आणि त्यांत उत्तम पुस्तकेही आहेत, परंतु विकत घेण्यापूर्वी एक पान मोठ्याने वाचावे. "त्याने त्याची टोपी त्याच्या डोक्यावर घातली" असे वाक्य आले, तर पुस्तक खाली ठेवावे. मराठी माणूस 'टोपी घातली' म्हणतो, आणि ती स्वतःच्याच डोक्यावर घातली हे ऐकणाऱ्याला कळते. छपाईही पाहावी. स्वस्त पुस्तकांत ल आणि श ही अक्षरे पुष्कळदा हिंदी वळणाची असतात. शाळेत मराठी वळण गिरवणारे मूल त्यामुळे नाहक गोंधळते.

सहा ते नऊ या वयात मूल स्वतः वाचू लागते, आणि याच टप्प्यावर पालक एक चूक करतात : मोठ्याने वाचून दाखवणे बंद करतात. वास्तविक या काळात दोन वेगवेगळी पुस्तके चालू ठेवावीत, एक डोळ्यांसाठी सोपे आणि एक कानासाठी अवघड. डोळ्यांसाठी मोठा टंक, आखूड ओळी, आणि शब्द दोन ओळींत न तोडलेला मजकूर असावा. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी चार पातळ्यांत विभागून विनामूल्य ठेवल्या आहेत, आणि तेथील पातळी वयाऐवजी वाचनक्षमतेवर आधारलेली असल्यामुळे नऊ वर्षांच्या मुलाला पहिल्या पातळीची गोष्ट देण्यात कमीपणा मानू नये. कानासाठी विंदा करंदीकरांच्या 'एटू लोकांचा देश' किंवा 'राणीची बाग' या संग्रहांतील कविता घ्याव्यात. न कळलेला शब्दही त्यांच्या लयीत वाहून जातो आणि नंतर कधीतरी कळतो.

याच वयात 'श्यामची आई' भेट देण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि पुष्कळ घरांत ते पुस्तक पहिल्या काही पानांनंतर मिटलेले आढळते. त्यात दोष पुस्तकाचाही नाही आणि मुलाचाही नाही. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेल्या या पुस्तकाची प्रकरणे 'रात्री' आहेत, एकूण बेचाळीस, आणि प्रत्येक रात्री श्याम आपल्या मित्रांना एक आठवण सांगतो. म्हणजे मुळातच ते ऐकण्याचे पुस्तक आहे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या हाती ते सोपवण्याऐवजी आपण रोज एक रात्र वाचून दाखवावी, कोकणातील जुने शब्द वाटेत सांगावेत, आणि मूल कंटाळले तर सरळ चार रात्री सोडून पुढे जावे.

नऊ ते बारा हा वाचनाच्या भुकेचा काळ असतो. या वयात मुलांना एकाच नायकाची ओळीने दहा पुस्तके हवी असतात, आणि ती द्यावीत, "तेच तेच काय वाचतोस?" असे म्हणू नये. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे आजही या वयाला पकडतो. ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या' किंवा दिलीप प्रभावळकरांचा 'बोक्या सातबंडे' यांचीही तीच गोष्ट. जुन्या पुस्तकांत आणे, टपाल, टांगे येतात. त्यांची भीती बाळगू नये, कारण गोष्ट वेगवान असेल तर मूल असे शब्द उडी मारून ओलांडते. एकाच लेखकावर पैसे लावण्यापूर्वी मुलाची आवड चाचपायची असेल, तर माधुरी पुरंदरे यांनी संपादित केलेले 'वाचू आनंदे'चे भाग उपयोगी पडतात, कारण त्यांत मराठीतील अनेक लेखकांचे वेचे वयोगटानुसार एकत्र मिळतात. 'बालभारती'चे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत वाचता येतात; ज्या मुलाला अख्खे पुस्तक डोंगराएवढे वाटते, त्याच्यासाठी मासिक हा उत्तम मार्ग आहे.

माहितीपर पुस्तके निवडताना मुखपृष्ठावर विश्वास ठेवू नये. जुना मजकूर नव्या वेष्टनात विकला जाण्याचे प्रमाण याच प्रकारात अधिक आहे. मी तीन जागा उघडून पाहतो. सूर्यमालेत नऊ ग्रह दाखवले असतील, तर मजकूर २००६ पूर्वीचा आहे, कारण त्या वर्षी प्लूटोला बटुग्रह ठरवण्यात आले. महाराष्ट्रात पस्तीस जिल्हे असतील, तर तो ऑगस्ट २०१४ पूर्वीचा आहे, कारण तेव्हा पालघर हा छत्तिसावा जिल्हा झाला. आणि अवकाशविषयक पुस्तकात २०२३ मधील चंद्रयान-३ चे अवतरण नसेल, तर ते पुस्तक निम्म्या किमतीत मिळाले तरच घ्यावे. विश्वसाहित्याच्या 'संक्षिप्त' आवृत्त्यांबाबतही अशीच सावधगिरी बाळगावी : आतील पानावर अनुवादकाचे किंवा रूपांतरकाराचे नाव नसेल, तर कोणी, कशातून आणि किती कापले हे कळण्याचा मार्ग नसतो.

बारा ते पंधरा या वयात खरी अडचण येते. मराठीत या वयासाठी म्हणून लिहिलेली पुस्तके कमी आहेत, आणि बालवाचनालयाच्या कपाटाकडे तर ही मुले ढुंकूनही पाहत नाहीत. इंग्रजी माध्यमातील मुले याच वेळी जाडजूड इंग्रजी मालिकांकडे वळतात. ते थांबवू नये. मराठी पुस्तक त्या मालिकेशी स्पर्धा करणारे नको, त्या मालिकेत नसलेले काहीतरी देणारे हवे. प्रकाश नारायण संत यांचे 'वनवास' हे त्यासाठी माझे पहिले उत्तर असते. लंपन हा त्यातील मुलगा कानडी मुलखाच्या सीमेवरची, कानडी वळणाची मराठी बोलतो. आपल्या भाषेतही इतकी गंमत करता येते, हे वाचणाऱ्याला प्रथमच जाणवते. विज्ञानाची ओढ असलेल्याला जयंत नारळीकरांच्या 'यक्षांची देणगी'मधील कथा द्याव्यात, आणि चरित्र हवे असल्यास वीणा गवाणकरांचे 'एक होता कार्व्हर'. मिलिंद बोकील यांची 'शाळा' ही आणीबाणीच्या काळातील नववीच्या मुलांची कादंबरी आहे. त्यातील शिव्यांमुळे आणि प्रेमप्रकरणामुळे काही पालक ती लपवून ठेवतात, परंतु नववीतल्या मुलाला त्यातील एकही शिवी नवीन नसते.

पंधरानंतर मोठ्यांचे कपाट उघडे ठेवावे. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' ही कादंबरी आकाराने लहान आणि वाक्ये आखूड असल्यामुळे ज्याचे डोळ्यांचे वय मागे राहिले आहे, अशा सोळा वर्षांच्या मुलालाही ती झेपते. हे पुस्तक मी इंग्रजी माध्यमातील मुलांना सर्वाधिक वेळा दिले आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' बोलल्यासारखी लिहिलेली असल्यामुळे आधी ऐकवावीत, मग सोपवावीत. दया पवारांचे १९७८ मधील 'बलुतं' हे दलित आत्मकथन देताना मात्र आपण ते स्वतः वाचलेले असावे. पुस्तक रोखण्यासाठी हे सांगत नाही. जातीविषयी मुलाने जेवताना विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देण्याची वेळ आपल्यावर येणारच असते.

राहिला विकत घेण्याचा प्रश्न. एका वेळी तीन पुस्तके घ्यावीत : एक मुलाने निवडलेले, एक आपण निवडलेले, आणि एक डोळ्यांच्या वयापेक्षा निश्चितपणे सोपे. मुलाने निवडलेल्या पुस्तकावर शेरा मारू नये आणि आपण निवडलेले पुस्तक अर्ध्यावर सोडले, तर तात्पर्य विचारत बसू नये. गावात सार्वजनिक वाचनालय असेल, तर तेथील बालविभागाचे सभासदत्व मुलाच्या स्वतःच्या नावावर घ्यावे, पुस्तक बदलायला त्यालाच पाठवावे, आणि पहिले काही महिने ते जे काही घेऊन येईल त्याची केवळ नावे एका वहीत लिहून ठेवावीत. पुढच्या खेपेला दुकानात जाताना ती वही बरोबर न्यावी.