माजी अमेरिकी सैनिकाची आठवण त्याच्याच आवाजात कशी नोंदवून ठेवावी

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या शेजारात, कचेरीत किंवा मुलांच्या शाळेबाहेर रस्ता ओलांडून देणाऱ्या वयस्कर मंडळींत कोणी ना कोणी माजी सैनिक असतो, आणि बहुधा तो त्याविषयी आपणहून बोलत नाही. त्याने सोसलेले, पाहिलेले आणि गमावलेले त्याच्यासोबतच संपून जाऊ नये असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांच्यासाठी एक विनामूल्य मार्ग खुला आहे. ऑक्टोबर २००० मध्ये अमेरिकी काँग्रेसने एकमताने संमत केलेल्या कायद्यानुसार वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये ‘व्हेटरन्स हिस्टरी प्रोजेक्ट’ हा संग्रह सुरू झाला आणि आज त्यात एक लाखाहून अधिक सैनिकांच्या कहाण्या जमा आहेत. त्यांतल्या बहुतेक मुलाखती शेजाऱ्यांनी, नातवंडांनी, ग्रंथालयांतल्या स्वयंसेवकांनी आणि विद्यार्थ्यांनी घेतल्या आहेत. त्यासाठी इतिहासाची पदवी लागत नाही. दहावीत किंवा त्यापुढे असलेला कोणीही हे काम करू शकतो.

मात्र त्यात दिरंगाई नको. दुसऱ्या महायुद्धात सुमारे १ कोटी ६० लाख अमेरिकी माणसे सैन्यात होती. त्यांतली आज एक टक्कादेखील हयात नाहीत. कोरियाच्या युद्धावर गेलेले नव्वदीला टेकले आहेत आणि व्हिएतनामहून परतलेली तेव्हाची कोवळी पोरे सत्तरी ओलांडून गेली आहेत.

आधी एक समजूत दुरुस्त करून घ्यावी. महाराष्ट्रात माजी सैनिक म्हटले की पंधरा-सतरा वर्षे पलटणीत काढून निवृत्तिवेतन घेणारे गावातले सुभेदार किंवा हवालदार डोळ्यांसमोर येतात. अमेरिकेत १९७३ पर्यंत सक्तीची भरती होती, त्यामुळे अनेकांनी जेमतेम दोन वर्षे सेवा केली, त्यांतले एक वर्ष युद्धभूमीवर काढले आणि विशीच्या आतबाहेर घरी परतून पुढचे सारे आयुष्य गवंडीकामात, शिक्षकीत किंवा कारखान्यात घालवले. नियमित निवृत्तिवेतन वीस वर्षांच्या सेवेनंतर मिळते, म्हणजे त्यांच्या वाट्याला तेही आले नाही. आपल्या ओळखीचा नळदुरुस्ती करणारा गृहस्थ माजी सैनिक असू शकतो, ही शक्यता मनात ठेवूनच शोध घ्यावा. प्रत्यक्ष गोळीबार पाहिलेलाच माणूस हवा अशीही अट नाही. टंकलेखन करणारी, विमानांचे सुटे भाग मोजणारा, टपाल वाटणारा अशा सर्वांच्या आठवणी संग्रहात घेतल्या जातात.

विनंती प्रत्यक्ष भेटून करावी आणि होकारासाठी वेळ द्यावा. ‘आपल्या सेवेबद्दल आभार’ हे वाक्य आता तिथे रिवाजाचे झाले आहे. ते वाईट नाही, पण व्हिएतनामहून परतताना ज्यांच्याकडे पाठ फिरवली गेली त्यांतल्या अनेकांना ‘घरी आपले स्वागत असो’ हे शब्द जवळचे वाटतात. सैन्यदलाचे नाव अचूक घेणे त्याहून महत्त्वाचे आहे. ‘सोल्जर’ हा शब्द फक्त भूदलासाठी आहे. मरीन कोअर या वेगळ्या लढाऊ दलातला माणूस स्वतःला मरीन म्हणवतो, नौदलातला सेलर आणि हवाईदलातला एअरमन. काही वर्षांपूर्वी कोरियाच्या युद्धातून परतलेल्या एका वृद्ध गृहस्थांना मी पहिल्याच भेटीत सोल्जर म्हटले. ते रागावले नाहीत, पण हळू आवाजात म्हणाले की ते नौदलाचे वैद्यकीय सेवक होते आणि मरीन तुकडीबरोबर चालत होते. मरीन दलाला स्वतःचे वैद्यकीय पथक नसते, ते नौदल पुरवते, हे मला ठाऊक असायला हवे होते.

म्हणून भेटीपूर्वी एक-दोन संध्याकाळी अभ्यासाला द्याव्यात: कोणते युद्ध, कोणती तुकडी, कोणता प्रदेश, नकाशावर तो कुठे आहे. सैनिकाकडे सेवामुक्तीचा दाखला असतो, त्याला १९५० पासून ‘डीडी २१४’ म्हणतात. त्यावरून तारखा आणि पदके पडताळता येतात. त्यावर सोशल सिक्युरिटी हा खाजगी ओळखक्रमांक असू शकतो, म्हणून त्याचे छायाचित्र काढू नये, फक्त हव्या त्या नोंदी लिहून घ्याव्यात. दाखला हरवला असेल तर सेंट लुईस येथील राष्ट्रीय अभिलेख केंद्राकडे अर्ज करता येतो. परंतु १२ जुलै १९७३ रोजी तिथे लागलेल्या आगीत १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख सैनिकांच्या फायली जळाल्या, आणि त्यांत १९१२ ते १९६० या काळात भूदलातून मुक्त झालेल्यांच्या सुमारे ८० टक्के फायली होत्या. अशा माणसाला आपल्या जखमेचा किंवा आजाराचा पुरावा जमवण्यासाठी किती हेलपाटे घालावे लागले असतील, हे ध्यानात आले की त्याचे बोलणे नोंदवण्याचे मोल कळते.

ध्वनिमुद्रणासाठी भ्रमणध्वनीही चालतो, पण तो मेजावर नुसता न ठेवता छोटा माइक जोडावा. ध्वनिचित्रमुद्रण केल्यास अधिक चांगले. स्वयंपाकघरात बसणार असाल तर शीतकपाटाची घरघर आणि भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक मुद्रणात किती मोठी येते, हे आधी दोन मिनिटे मुद्रित करून ऐकावे. समोरची व्यक्ती श्रवणयंत्र वापरत असेल तर तिच्या चांगल्या कानाकडे, समोरासमोर बसावे. मुलाखत किमान ३० मिनिटांची आणि कापछाट न केलेली असावी, अशी संग्रहाची अट आहे. सुरुवातीला तारीख, ठिकाण, सैनिकाचे नाव, त्याचे दल, युद्ध किंवा सेवाकाळ आणि आपले नाव स्पष्ट बोलून नोंदवावे.

प्रश्नांची सुरुवात युद्धापासून करू नये. जन्म कुठे झाला, वडील काय करत, भरतीचा कागद घरी आला त्या दिवशी आई काय म्हणाली, प्रशिक्षणाच्या पहिल्या रात्री शेजारच्या खाटेवर कोण होते, असे प्रश्न माणसाला त्याच्याच वयात परत नेतात. ‘कसे वाटले?’ या प्रश्नाला बहुधा ‘ठीक’ एवढेच उत्तर येते, ‘काय खाल्ले?’, ‘बूट कसे होते?’ या प्रश्नांना मात्र पाच-पाच मिनिटांची उत्तरे मिळतात. त्या नौसैनिक गृहस्थांना मी उत्तर कोरियातल्या चोसिन जलाशयापाशी, जिथे ते लढाईत होते, थंडी किती होती असे विचारले, तेव्हा त्यांनी उणे ३० अंश फॅरनहाइट हा आकडा सांगितला आणि ते गप्प झाले. नंतर सहज विचारले की एवढ्या थंडीत औषधे गोठत नव्हती का. त्यावर त्यांनी उजव्या गालावर बोट टेकवले. मॉर्फिनच्या बारीक नळ्या तिथे, गाल आणि हिरडी यांच्यामध्ये, त्यांनी दिवसभर ठेवल्या होत्या, म्हणजे जखमी माणसापर्यंत पोहोचेपर्यंत औषध पातळ राहावे. ते बोट बराच वेळ गालावरच होते. मुद्रण फक्त आवाजाचे चालू होते, म्हणून ‘आपण गालावर बोट ठेवले आहे’ असे मी मोठ्याने म्हटले. ही सवय अवश्य लावून घ्यावी, कारण हाताच्या खुणा आवाजात उतरत नाहीत.

आपण किती माणसे मारली, हा प्रश्न कधीही विचारू नये. सांगायचे असेल तर तो स्वतः सांगेल. बोलता बोलता तो थांबला तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नये. मनात शांतपणे दहापर्यंत मोजावे. डोळे भरून आले तर पाणी द्यावे, मुद्रण थांबवायचे का हे त्यालाच विचारावे आणि तो सांगेल तसेच करावे. आपण समुपदेशक नाही, याचे भान सुटू देऊ नये. युद्धाने मनावर झालेल्या आघाताला अमेरिकी मानसोपचारशास्त्राने पीटीएसडी या नावाने अधिकृत निदान म्हणून १९८० मध्ये मान्यता दिली, म्हणजे आधीच्या कित्येकांनी ते ओझे कोणतेही नाव नसताना वाहिले. जगणे नकोसे झाल्याचा सूर ऐकू आला तर विषय बदलू नये, त्या विचारांबद्दल सरळ आणि मायेने विचारावे, ९८८ क्रमांक लावून १ दाबल्यास माजी सैनिकांसाठीची मदतवाहिनी रात्रंदिवस उपलब्ध असते हे सांगावे आणि त्याला एकटे सोडून निघू नये. दुसऱ्या दिवशी फोन करून प्रकृतीची चौकशी तर प्रत्येकच मुलाखतीनंतर करावी.

घरी परतल्यानंतरचा काळ अनेक मुलाखतींत दोन वाक्यांत आटोपला जातो, आणि माझ्या मते हीच सर्वांत मोठी चूक होते. १९४४ च्या ‘जीआय बिल’ या माजी सैनिकांसाठीच्या कायद्याने लाखोंना महाविद्यालय आणि घरकर्ज मिळवून दिले, पण कृष्णवर्णीय सैनिकांना बँकांनी तेच कर्ज वारंवार नाकारले. फेब्रुवारी १९४६ मध्ये सेवामुक्त होऊन गणवेशातच घरी निघालेल्या सार्जंट आयझॅक वुडर्ड यांना साउथ कॅरोलिनात पोलिसांनी मारहाण करून कायमचे आंधळे केले. त्या घटनेने अध्यक्ष ट्रुमन हादरले आणि १९४८ मध्ये त्यांनी सैन्यातला वर्णभेद संपवण्याचा आदेश काढला. व्हिएतनाममध्ये फवारलेल्या एजंट ऑरेंज या विषारी तणनाशकामुळे जडलेल्या आजारांसाठीचा कायदा १९९१ मध्ये आला, तर इराक-अफगाणिस्तानच्या तळांवर कचरा जाळण्याच्या खड्ड्यांतल्या धुराने आजारी पडलेल्यांना २०२२ च्या पॅक्ट कायद्याची वाट पाहावी लागली. म्हणून परतल्यावर पहिली नोकरी कशी मिळाली, रात्री झोप लागत होती का, इस्पितळाच्या फेऱ्या किती झाल्या, पत्नीने काय सोसले, हे सारे सावकाश विचारावे. जो परतलाच नाही, त्याच्या आई-वडिलांची, पत्नीची, भावंडांची आणि मुलांची मुलाखतही २०१६ च्या कायद्यापासून या संग्रहात घेतली जाते.

मुलाखतीनंतर सैनिकाने आपल्या माहितीचा आणि संमतीचा अर्ज भरून सही करायची असते, तसेच मुलाखत घेणाऱ्याचाही संमतिपत्रक-अर्ज असतो. सारे नमुने संग्रहाच्या संकेतस्थळावर मिळतात. सहीपूर्वी त्याला नीट समजावून सांगावे की हे बोलणे कोणालाही ऐकता येईल. मुलाखत शक्य नसेल तर मूळ छायाचित्रे किंवा पत्रे मिळून किमान १० वस्तू, अथवा २० पानांची रोजनिशी किंवा आठवणी देता येतात. एकदा दिलेले साहित्य लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या मालकीचे होऊन जाते, म्हणून आधी घरच्यांसाठी प्रत काढून ठेवावी. पाकीट सरकारी टपालाने न पाठवता खाजगी कुरियरने पाठवावे. २००१ मधल्या अँथ्रॅक्स प्रकरणापासून काँग्रेसकडे जाणाऱ्या टपालाची जी सुरक्षा-प्रक्रिया होते, तिच्यात मुद्रणाच्या सीडी-डीव्हीडी आणि छायाचित्रे खराब होऊ शकतात.

पाकीट बंद करण्यापूर्वी आणखी एक भेट ठेवावी. कोणत्या मिनिटाला कोणता विषय आला याची यादी अर्जासोबत जोडायची असते, आणि तीत आलेली साथीदारांची नावे सैनिकाकडूनच तपासून घ्यावीत. त्या नौसैनिक गृहस्थांनी माझी यादी चष्मा कपाळावर सरकवून, कागद डोळ्यांजवळ धरून वाचली, जलाशयापाशी मरण पावलेल्या आपल्या मित्राच्या आडनावात मी गाळलेले एक अक्षर पेनाने नीट गिरवून लिहिले आणि मगच सही केली.